नेम, हात आणि जुळणी



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘नेमाचा इतिहास’ एवढेच कळविले. त्यांची समजूत अशी झाली की, आम्ही एकादशी-चातुर्मासाच्या नेमांवर बोलणार. आणि युनियनच्या माणसाला ही उपरती कधी झाली, याचे त्यांना नवल वाटले. तेव्हा आधी खुलासा करावयास हवा. आमचा नेम तो बंदुकीचा. आणि बंदूक तीही खोटी, मोबाइलच्या पडद्यावरची. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली, ती विद्वानांची वाणी लोकांच्या कानी पडावी म्हणून. आमचे शाळेतले शिक्षण नववीत आटोपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, रेल्वेच्या डब्यात आणि कारखान्यांच्या फाटकांवर झाले. त्यामुळे आमच्या मांडणीत पंडिताची शिस्त सापडणार नाही, हे आपण गृहीत धरावे.

विषय सुचला तो आपल्या कणकवलीच्या एस.टी. स्टँडावर. एका सभेला येणारी माणसे गाडी चुकल्यामुळे खोळंबली होती, आणि आम्ही बाकावर बसून होतो. शेजारी एका सहकाऱ्याचा मुलगा, वय वीसच्या आतबाहेर, मोबाइल दोन्ही हातांत आडवा धरून तो डावीउजवीकडे कलवीत होता, जणू काही सुपात तांदूळ पाखडतो आहे. आम्ही विचारले, हे काय? तो म्हणाला, “गायरो, काकानू.” आणि त्याने खेळ थांबवून सेटिंगचे पान उघडून दाखविले. त्या पानावर आकड्यांची रांगच्या रांग होती. नुसत्या डोळ्याने पाहताना नजर किती वेगाने फिरावी, दुर्बीण लावल्यावर किती, दुप्पट दुर्बिणीला किती, चौपटीला किती, आठपटीला किती. बोटाने फिरविल्यास किती आणि फोन कलवून फिरविल्यास किती. या सगळ्याला ही मुले ‘सेन्सी’ म्हणतात. आम्ही म्हटले, कंपनीने काही आकडे घालून दिलेले असतीलच ना? तो हसला. कंपनीचे आकडे कंपनीच्या हाताला, आपले आपल्या हाताला, अशा अर्थाचे काहीतरी बोलला, आणि फोन आमच्या हातात दिला.

तीस वर्षे आम्ही कामगारांना जे समजावून सांगत आलो, ते त्या पोराने एका वाक्यात सांगितले. म्हणून या आकड्यांचा मागोवा घ्यावा असे वाटले. आणि मागोवा घेता घेता आम्ही फार दूरच्या दर्यावर जाऊन पोहोचलो.

दर्यापासूनच आरंभ करू, कारण तो आपल्या जिल्ह्याचाच आहे. आंग्र्यांच्या आरमारात गुराबा आणि गलबते अशी दोन तऱ्हांची तारवे असत. गुराबेच्या तोफांतल्या महत्त्वाच्या तोफा नाळेकडे, म्हणजे पुढच्या अंगाला रोखलेल्या असत. अशा तोफेचा नेम धरावयाचा म्हणजे तोफ वळवायची नव्हे, सबंध तारू वळवायचे. वारा पडला तर वल्ह्यांची गलबते दोरखंड लावून गुराबेला ओढीत आणि तिचे तोंड शत्रूच्या पिछाडीकडे करून देत. नेम धरणारा गोलंदाज एक, पण त्याच्या नेमात चाळीस-पन्नास वल्हेकऱ्यांचे दंड गुंतलेले असत. इतिहासाच्या पुस्तकात आंग्र्यांचे नाव येते, वल्हेकऱ्यांचे येत नाही; ही जुनीच तक्रार आहे, ती येथे उगाळीत नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत पेशवे आणि इंग्रज एक होऊन विजयदुर्गावर चालून आले. वॉटसनची जहाजे किल्ल्यासमोर नांगर टाकून आडवी उभी राहिली. बंदरात एकमेकांना बांधून ठेवलेल्या तुळाजीच्या आरमाराला गोळ्याने आग लागली आणि ते जळून गेले. स्थिर लक्ष्यावर मारा करणे सोपे, हा त्या दिवसाचा धडा आहे.

चालत्या, डुलत्या जहाजावरून मारा कसा करावा, हा प्रश्न मात्र पुढे दीडशे वर्षे तसाच पडून होता. जहाज लाटेवर वर जाते, खाली येते, त्याबरोबर तोफही. गोलंदाज तोफेचा कोन एकदा ठरवून ठेवी आणि जहाज डुलत डुलत लक्ष्य समोर येईल त्या क्षणाची वाट पाही. तो क्षण साधला तर साधला. १८९८ साली पर्सी स्कॉट नावाचा इंग्रज कप्तान ‘सिला’ या जहाजावर होता. वादळी हवेत नेमबाजीचा सराव चालला असता त्याच्या ध्यानात आले की, सगळ्यांचे गोळे भलतीकडे जात असताना एका गोलंदाजाचे गोळे बरे पडत आहेत. तो गडी काय करीत होता? जहाज डुलेल तसा तो तोफेचे चक्र नकळत मागेपुढे फिरवीत होता, आणि तोफ लक्ष्यावरून ढळू देत नव्हता. त्याला हे कोणी शिकविले नव्हते. त्याच्या हाताला ते सापडले होते.

आता स्कॉटने जे केले ते लक्षपूर्वक ऐकावे, कारण एस.टी. स्टँडावरच्या त्या पोराचे सेटिंगचे पान हेच आहे. चक्र जड होते. माणसाने एक वेढा फिरवावा तर तोफ हवी तितकी हलत नसे. स्कॉटने दात्यांचे प्रमाण बदलले, म्हणजे हाताची हालचाल आणि तोफेची हालचाल यांचे गणित नव्याने बसविले. दुसरे असे की, दुर्बीण तोफेला पक्की जोडलेली असल्यामुळे बार उडताच ती गोलंदाजाच्या डोळ्यावर आपटे. साहजिकच बार काढताना माणूस डोळा मागे घेई आणि नेम जाई. स्कॉटने दुर्बीण अशी बसविली की तोफ मागे सरली तरी ती सरू नये. तिसरे, त्याने तोफेच्या तोंडाजवळ एक लहानसे वरखाली सरकणारे लक्ष्य लावून बंदरात उभ्या जहाजावर रोजचा सराव सुरू केला. पुढच्याच वर्षी ‘सिला’च्या गोलंदाजांचे सुमारे ८० टक्के गोळे लक्ष्यावर बसले. माणसे तीच होती आणि तोफाही त्याच होत्या. बदलली ती जुळणी.

ही हकीकत अमेरिकन आरमारातल्या विल्यम सिम्स या तरुण अधिकाऱ्याने चीनच्या समुद्रात स्कॉटकडून ऐकली आणि वॉशिंग्टनला अहवालांमागून अहवाल धाडले. वरिष्ठांनी प्रथम उत्तरच दिले नाही. पुढे त्यांनी प्रयोग केला, तो पक्क्या जमिनीवर तोफ ठेवून; आणि माणसाला इतक्या झपाट्याने तोफ वरखाली करणे अशक्य आहे असा निर्वाळा दिला. डुलत्या जहाजावर जडत्वाचा नियम गोलंदाजाला मदत करतो, जमिनीवर करीत नाही, हे त्या तज्ज्ञांच्या गावी नव्हते. अखेर सिम्सने थेट अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टला पत्र लिहिले, आणि १९०२ साली तो नेमबाजीच्या तपासणीवर नेमला गेला. खालच्या माणसाचे म्हणणे वरच्या कचेरीत कसे मुरते, याचे याहून बोलके उदाहरण आमच्या वाचनात नाही. आणि तसल्या कचेऱ्यांचे उंबरे आम्ही पुष्कळ झिजविलेले आहेत.

येथे स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. नव्वदच्या सुमारास आम्ही मुंबईच्या एका उपनगरात पत्रा दाबण्याच्या प्रेसवर होतो. कारखान्याचे नाव घेत नाही. तेथे शेजारी शेजारी दोन यंत्रे होती. एकाचा दांडा पुढे ढकलला की प्रेस उचले. दुसऱ्याचा तसाच दांडा तसाच पुढे ढकलला की प्रेस खाली येई. रात्रपाळीला माणूस कमी म्हणून एका सोबत्याला या यंत्रावरून त्या यंत्रावर उभे केले. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे पेरापासून गेली. चौकशीच्या कागदावर कारण लिहिले गेले: कामगाराचा निष्काळजीपणा. आम्ही तेव्हा बाविशीत असू. दांडे उलटसुलट आहेत हे आम्ही तोंडी सांगितले. त्यावर उत्तर मिळाले की, सवय केली म्हणजे होते. शेवटी आमच्यातल्याच एका वेल्डरने एका दांड्याच्या टोकाला लोखंडी गोळा आणि दुसऱ्याला चपटी पट्टी जोडून दिली, म्हणजे अंधारातही हाताला फरक कळावा. त्यानंतर आम्ही तेथे होतो तोवर दांड्याची चूक कोणाकडून झाली नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले की, हीच युक्ती १९४३ साली अमेरिकेत झाली होती. बी-१७ जातीच्या विमानांचे वैमानिक उतरल्यावर पंखांची झडप मिटविण्याऐवजी चाकेच मिटून घेत, आणि विमान पोटावर बसे. वैमानिक बेसावध, असा ठपका ठेवला जाई. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले तो दोन्ही मुठी सारख्या आणि शेजारी शेजारी! त्याने एकीला रबरी चाक लावले, दुसरीला पाचरीचा आकार दिला, आणि तो अपघात थांबला. १९४७ साली पॉल फिट्स आणि जोन्स यांनी वैमानिकांच्या ‘चुका’ म्हणून नोंदलेल्या ४६० घटना तपासल्या, तेव्हा त्यांतल्या कितीतरी यंत्राच्या मांडणीच्या चुका निघाल्या. याच फिट्सने १९५४ साली हाताच्या नेमाचा नियम मांडला. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका हाताला तेथे पोहोचायला वेळ अधिक. आणि हे गणिताने सांगता येते. संगणकाचा माउस एंगेलबार्टच्या प्रयोगशाळेत लाकडात घडला आणि १९६८ च्या डिसेंबरात जगापुढे आला. त्याची पारख पुढे याच नियमाने झाली, आणि मुलांच्या खेळातल्या सेन्सीच्या मुळाशीही हाच नियम आहे.

आता खेळाकडे वळू. खेळणाऱ्याच्याच डोळ्यांतून दिसणारा खेळ प्रथम १९७३-७४ च्या सुमारास अमेरिकेच्या नासा संस्थेच्या एम्स केंद्रात काही तरुणांनी केला. त्याचे नाव ‘मेझ वॉर’. १९८० साली अटारी कंपनीने रणगाड्याचा ‘बॅटलझोन’ आणला. तो पाहून अमेरिकन लष्कराने आपल्या जवानांच्या शिक्षणासाठी त्याची आवृत्ती मागितली. खेळाचा कर्ता एड रॉटबर्ग याला हे पसंत नव्हते. त्याने काम केले, पण यापुढे लष्करी काम आपल्याला सांगू नये, अशी अट घालून. एकट्याने अट घालणे किती कठीण असते, हे ज्याने घातली असेल त्यालाच ठाऊक.

१९९३ च्या डिसेंबरात ‘डूम’ आला. त्यात वर-खाली पाहण्याची सोयच नव्हती. शत्रू माडीवर असला तरी आपण त्या दिशेला तोंड केले की गोळी आपोआप वर जाई. म्हणजे नेम धरण्यासाठी सबंध अंग वळवायचे, अगदी गुराबेसारखे. १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये खरी तिन्ही अंगांची जागा आली आणि माउसने नजर चोहीकडे फिरू लागली. मात्र ही सोय प्रथम आज्ञा टाइप करून उघडावी लागे. खेळाडू ती उघडू लागले, आणि डेनिस फाँग या तरुणाने उजव्या हातात माउस, डाव्या हाताला चालण्याची चार बटणे अशी बैठक लोकप्रिय केली. १९९७ साली एका स्पर्धेत ‘क्वेक’च्या निर्मात्याची फेरारी मोटार त्याने जिंकली. मोटारीची गोष्ट जगाला आठवते, बैठकीची नाही. पण आजचे कोट्यवधी हात त्या बैठकीत बसतात.

माउसची जुळणी म्हणजे काय, ते एका हिशेबाने सांगतो. समजा, स्वतःभोवती पूर्ण फेरी, म्हणजे ३६० अंश, फिरायला माउस ३० सेंटिमीटर सरकवावा लागतो. मग एका सेंटिमीटरला १२ अंश. आकडा दुप्पट केला तर १५ सेंटिमीटरांत फेरी आणि सेंटिमीटरला २४ अंश. पाठीमागून शत्रू आला तर दुसरा चांगला. दूरच्या खिडकीतले डोके टिपायचे तर पहिला. दोन्ही एकदम मिळत नाहीत. कोठे थांबायचे हे ज्याच्या त्याच्या मनगटावर आणि टेबलावरच्या जागेवर अवलंबून. शिवाय माउस पुढे सारला की नजर वर जावी की खाली, यावर दोन पंथ आहेत. विमान चालविण्याच्या खेळातून आलेले लोक खाली म्हणतात, कारण विमानाचा दांडा पुढे ढकलला की नाक खाली जाते. आमच्या त्या प्रेसच्या दांड्यांची आठवण आम्हांस येथे झाल्यावाचून राहिली नाही. फरक एवढाच की, येथे ज्याला जसे हवे तसे उलटविण्याची एक खूण सेटिंगात ठेवलेली असते.

सायबर कॅफेच्या दिवसांत आपल्याकडची पोरे तासाला पैसे मोजून ‘काउंटर स्ट्राइक’ खेळत. त्यातली पहिली पाच मिनिटे आधीच्या गिऱ्हाइकाचे आकडे पुसून आपले घालण्यात जात.

माउस नसलेल्या यंत्रांवर, म्हणजे दूरचित्रवाणीला जोडायच्या खेळांवर, अंगठ्याने दांडी फिरवून नेम धरावा लागे. २००० साली ‘एलियन रेझरेक्शन’ या खेळाने एका अंगठ्याने चालणे व दुसऱ्याने पाहणे अशी योजना केली, तेव्हा टीकाकारांनी तिला नावे ठेवली. पुढल्याच वर्षी ‘हेलो’मध्ये तीच योजना आली आणि रूढ झाली. पण ‘हेलो’ने गुपचूप एक गोष्ट केली होती. नेम लक्ष्याजवळ आला की यंत्र नजरेचा वेग मंदावी आणि किंचित हात देई. ही यंत्राची मदत आजही चालू आहे. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीच्या ‘मास्कगन’मध्ये तर नेम शत्रूवर आला की गोळी आपोआप सुटते, याच कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरात ‘इंडस’ हा मोठा खेळ आणला. यंत्राने मदत करावी की नाही यावर ही मुले हातघाईवर येतात. आम्हांस त्यांची बाजू कळते. जे काम हाताने शिकलो ते यंत्र फुकट करून देऊ लागले की कारागिराच्या पोटात गोळा येतोच.

राहता राहिला गायरो. फूकोने १८५२ साली पृथ्वीचे फिरणे दाखविण्यासाठी भोवऱ्याचे एक यंत्र केले आणि त्याला गायरोस्कोप हे नाव दिले. फिरता भोवरा आपली दिशा सोडीत नाही, हे त्याचे तत्त्व. पुढे जहाजांवर होकायंत्र म्हणून आणि तोफा स्थिर ठेवण्यासाठी ते वापरले गेले. म्हणजे स्कॉटच्या गोलंदाजाचे काम यंत्राकडे गेले. आपल्या मोबाइलमध्ये भोवरा नाही. तेथे तांदळाच्या दाण्याहून लहान अशी सिलिकॉनची वस्तू सतत थरथरत असते. फोन फिरला की तिची थरथर बाजूला ओढली जाते, आणि त्या ओढीवरून फिरण्याचा वेग कळतो. २०१० च्या आयफोनमध्ये हे यंत्र आले, मग हळूहळू इतर फोनांत. २०१५ च्या ‘स्प्लॅटून’ या जपानी खेळाने हातातले यंत्र कलवून नेम धरण्याची गोडी पुष्कळांना लावली.

या यंत्राचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा. ते वेग सांगते, दिशा सांगत नाही. दिशा वेगाची बेरीज करून काढावी लागते. फोन टेबलावर निश्चल असताना त्याने सेकंदाला एक दशांश अंश एवढा खोटा वेग सांगितला, तर मिनिटात ६ अंशांची चूक साचते आणि नजर आपोआप एका अंगाला वाहत जाते. फोन तापला की ही चूक बदलते. म्हणून शहाणी पोरे नेम वाहू लागला की फोन सपाट जागी ठेवून शून्य नव्याने बसवितात. आणि दुर्बिणीचे आकडे वेगळे का, तर चौपट दुर्बीण शत्रूला चौपट करते तशी हाताच्या कापऱ्यालाही चौपट करते. तेव्हा तेथे वेग सुमारे चौथाईवर आणावा लागतो.

हा खेळ आपल्याकडे पसरला तो २०१८ पासून, ‘पबजी’ या नावाने. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ ॲप बंद केले, त्यात तो गेला. २ जुलै २०२१ रोजी ‘बीजीएमआय’ म्हणून परतला, २८ जुलै २०२२ रोजी पुन्हा काढला गेला, आणि २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि मोठ्यांना सहा तास अशी मर्यादा घातली गेली. २०२५ च्या कायद्याने पैसे लावण्याचे खेळ बंद केले आणि ई-क्रीडेला मान्यता दिली. मुलांनी किती खेळावे हा आईबापांचा प्रश्न आहे, आणि तो खरा आहे. अभ्यास बुडालेली, डोळे बिघडलेली पोरे आम्हीही पाहतो. पण कामाचे तास मर्यादित असावेत ही मागणी ज्यांनी गिरणीच्या भोंग्यावर केली, त्यांच्या नातवांना खेळाचे तास मर्यादित करून मिळाले, याची आम्हांस गंमत वाटते.

गिरणीचा विषय निघालाच आहे. १९२८ साली मुंबईच्या मालकांनी विणकराला दोन मागांऐवजी तीन माग सांभाळायला लावायचे ठरविले. माग तोच, हात तेच, आकडा मात्र वरून ठरलेला. तो संप सहा महिने चालला आणि त्यात आपल्या कोकणची घरेच्या घरे उपाशी राहिली. त्यांचे भांडण आळसाचे नव्हते. हाताने काय झेपते हे हाताला विचारल्यावाचून ठरवू नका, एवढेच ते सांगत होते. आपल्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ नंतर संडासाची सोपी बांधणी लोकांपुढे ठेवली, ती भंगीकाम करणाऱ्याचे ओझे उतरावे म्हणून. ते युनियनचे गृहस्थ नव्हते, पण माणसाला बोल लावण्याआधी साधन बदलावे, हे त्यांना उमगले होते.

आणि खेळातले हे आकडे घासूनपुसून कोण पाहतो? प्रत्येक बंदूक, प्रत्येक दुर्बीण, प्रत्येक आकडा हजार वेळा चालवून चूक नोंदविणारे परीक्षक असतात, पुष्कळदा कंत्राटी. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या प्रसिद्ध बंदुकीच्या खेळावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या रेव्हन सॉफ्टवेअरमध्ये २०२१ च्या डिसेंबरात अशा बारा परीक्षकांना कमी करण्याचे ठरले, तेव्हा त्यांच्या सोबत्यांनी काम बंद केले. काही आठवडे ते बाहेर राहिले. मग त्यांनी युनियन स्थापिली, आणि २३ मे २०२२ रोजी मतमोजणी झाली: युनियनच्या बाजूने १९, विरुद्ध ३. बावीस मतांची ती मोजणी वाचताना आम्हांस आमच्या पहिल्या फाटकसभेची आठवण झाली. तेथे आम्ही नऊच जण होतो.

एस.टी. स्टँडावर त्या पोराने फोन आमच्या हातात दिला होता, हे सांगून झाले आहे. आम्ही नेम धरला. नेम भिंतीवरून आभाळात, आभाळातून जमिनीत गेला. प्रेसवरच्या त्या वर्षांपासून आमच्या उजव्या मनगटात कंप आहे. आम्ही म्हटले, बाबा, हे आमच्या वयाचे काम नव्हे. तो म्हणाला, “काकानू, वयाचा काय नाय. तुमचो हात कापता, सेन्सी कमी करूया.” त्याने एकेक आकडा खाली आणला, मध्ये दोनदा आमच्याकडून नेम धरवून पाहिला, फोन बाकावर सपाट ठेवून शून्य बसविले, आणि पुन्हा हातात दिला. तिसऱ्या खेपेला दूरचे एक पिंप आम्ही टिपले. मग त्याची देवगडची गाडी लागली. जाताना त्याने आमचे आकडे पुसले नाहीत. ‘काका’ असे नाव देऊन ते आपल्या आकड्यांच्या खाली निराळे जपून ठेवले.